गंज झाकू नका, कापा : जुन्या पद्मिनीचा पत्रा कसा वाचवायचा

लोकलच्या गर्दीत ज्यांचा एपिसोड अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप. बोलताना मी दहा वेळा "हे बघा, असं" म्हणत हातवारे केले आणि ऑडिओत अर्थातच कुणालाच काही दिसलं नाही. ते सगळं इथे शब्दांत लिहिलंय.

विषय आहे जुन्या गाडीचा गंज. इन्स्टावर तुम्ही ते व्हिडिओ बघता ना, शेतात सडत पडलेली गाडी आणि तीस सेकंदांनी चकचकीत लाल? त्या तीस सेकंदांत जे कापून टाकलेलं असतं, आज आपण त्याबद्दल बोलणार आहोत. कारण खरं काम तेच आहे. रंग हा शेवटचा दहा टक्के भाग.

उदाहरण म्हणून गाडी घेऊ आपली प्रीमियर पद्मिनी.

पद्मिनीच का?

एक तर ती इथलीच. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती पुढे घराघरांत माहीत झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. आता ज्या उरल्यात त्या बहुतेक खासगी. कुणाच्या तरी आजोबांच्या, वाड्याच्या पडवीत नाहीतर ताडपत्रीखाली.

दुसरं कारण तांत्रिक आहे आणि जास्त महत्त्वाचं आहे. पद्मिनीची बांधणी मोनोकॉक आहे. जीपसारख्या गाडीला खाली वेगळी लोखंडी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. पद्मिनीत तसं नाही. पत्र्याची बॉडी हाच गाडीचा सांगाडा. फ्लोअर, दाराखालची लांब पेटी जिला आपण सिल म्हणतो, दारांमधले खांब, सगळं मिळून भार पेलतं. म्हणजे इथे पत्रा सडला, तर नुसती शोभा जात नाही, हाड मोडतं.

गंज नेमका कुठे वाढतो?

शाळेत आपण शिकलो : लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज. बरोबर. पण मग एक प्रश्न पडायला हवा. बोनेटवर तर पाऊसही पडतो आणि हवाही भरपूर लागते. तरी तिथे गंज कमी आणि रबरी मॅटखाली, चिखलाखाली, पुट्टीखाली जास्त, असं का?

पत्र्यावर पाण्याचा एक थेंब पडलाय असं समजा. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, म्हणून तिथे ऑक्सिजन जास्त. मध्यभागी कमी. एवढ्या फरकाने त्या थेंबात छोटीशी बॅटरी तयार होते. आणि गंमत म्हणजे, लोखंड विरघळतं ते ऑक्सिजन कमी असलेल्या जागी, मध्यभागी. कड सुरक्षित राहते आणि आतला भाग पोखरला जातो.

आता हाच हिशेब गाडीला लावा. मडगार्डच्या आत चिकटलेला चिखल, फ्लोअरवरच्या मॅटखालचा ओला गालिचा, दोन पत्रे एकमेकांवर दाबून जिथे स्पॉट वेल्ड केलेत त्या जोडामधली फट. या सगळ्या जागी ओल टिकते आणि हवा कमी जाते. वाळवीसारखंच आहे हे, उजेडात दिसत नाही.

त्यात आपल्या किनाऱ्यावर मीठ. खारट ओलीतून वीज सहज वाहते, म्हणून ती छोटी बॅटरी जोरात चालते. शिवाय हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या गंजण्याचा वेग वाढतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला नकोच.

आणखी एक गोष्ट. गंज सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षा काही पट जास्त जागा घेतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि तोच थर त्याला वाचवतो. लोखंडाच्या नशिबी ते सुख नाही. गंज स्पंजसारखा ओल धरून ठेवतो, फुगतो, वरचा रंग उचलतो, जोडलेले दोन पत्रे एकमेकांपासून फाकवतो. रंगाखाली फुगवटा दिसला तर समजा, आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं आहे.

म्हणून आजच्या एपिसोडचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे : झाकलेला गंज थांबत नाही. रंग आणि पुट्टी यांतून ओल थोडी थोडी आत जातेच, आणि गंजात मुरलेलं मीठ तर आतच असतं.

हे सगळं मी का सांगतोय?

माझ्या मामाकडे १९८२ ची पद्मिनी आहे, अलिबागजवळ. समुद्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मामी म्हणते भंगारात द्या, मामा म्हणतो नातवंडांना हिच्यातून फिरवणार. दोघांचंही बरोबर आहे, हीच अडचण.

गाडीच्या आरसीचं नूतनीकरण २०२७ मध्ये आहे. खासगी गाडीला पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं आणि त्याआधी तपासणी होते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी त्यात नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. मामाची गाडी २०३२ मध्ये पन्नास वर्षांची होईल. तोवर मूळ शेल टिकवायचं, एवढं आमचं ध्येय.

एका गॅरेजने मामाला सांगितलं होतं, "आठ दिवसांत नवी करून देतो, काका." त्यांचा बेत असा की सिलवर वरून नवा पत्रा चिकटवायचा, पुट्टी भरायची, खालून काळं कोटिंग मारायचं, वर रंग. भाव आमच्या सध्याच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी. दिसलीही सुंदर असती. पण वरून कीर्तन, आतून तमाशा. ज्या सिलवर गाडीचा भार, ती पोकळ, आणि त्या गाडीत मागच्या सीटवर दोन लहान मुलं. मामाने नाही म्हटलं आणि माझे वीकेंड गेले.

आधी तपासणी : पेचकस, लोहचुंबक आणि नाक

काम सुरू करण्याआधी गाडी पूर्ण उघडा. मॅट, गालिचे, सीट, दाराचे आतले पॅड, सगळं बाहेर. नुसत्या वासावरूनही कळतं. कुबट वास येतो तिथे ओल मुरलेली आहे.

मग साधा लोहचुंबक एका पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो नीट चिकटत नाही, तिथे खाली पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे जुनी कुणाची तरी मलमपट्टी.

त्यानंतर पेचकस. संशयित जागी टोक दाबायचं. चांगला पत्रा ठाम राहतो. सडलेला कुरकुरतो, आणि कधी कधी पेचकस आरपार जातो. मामा शेजारी उभा असताना हे करू नका, त्याला बघवत नाही.

हमखास बघायच्या जागा : दाराखालच्या सिल, पुढच्या आणि मागच्या फ्लोअरचे कोपरे, चाकांवरच्या कमानी, हेडलाइटच्या मागचा भाग, दारांची खालची कड, डिकीचा तळ, पुढच्या काचेच्या रबराखालची चौकट आणि बॅटरीचा ट्रे. बॅटरीजवळ तर गंजासोबत ॲसिडही असतं. तिथे आधी खाण्याच्या सोड्याचं पाणी टाका, फसफसणं थांबेपर्यंत, मग साध्या पाण्याने धुवा.

प्रत्येक जागेवर खडूने नोंद करा. मी तीन खुणा केल्या. एक रेघ म्हणजे वरवरचा गंज, घासून निघेल. दोन रेघा म्हणजे पत्र्याला खड्डे पडलेत, रसायन लागेल. फुली म्हणजे कापायचं. आणि प्रत्येक जागेपुढे एक प्रश्न लिहा : इथे पाणी आलं कुठून? बग दुरुस्त करून कारण तसंच ठेवलं तर तो पुढच्या रिलीजला परत येतो, हे आमच्या धंद्यातलं सत्य इथेही लागू आहे. आमच्या गाडीत फ्लोअर सडला होता, पण पाणी येत होतं काचेच्या कडक झालेल्या रबरातून. रबर न बदलता नुसता फ्लोअर बसवला असता तर काही वर्षांत पुन्हा तेच.

गंज काढण्याचे मार्ग

सुरुवात धुण्यापासून. गोड्या पाण्याने चिखल आणि मीठ काढा, पूर्ण वाळू द्या. मग थिनर किंवा डिग्रीझरने तेलकटपणा काढा. हे घासण्याच्या आधी करायचं. नाहीतर ग्रीस आणि तेल पॉलिश पेपरबरोबर पत्र्यात आणखी घोळलं जातं.

एक, घासणं. ग्राइंडरला वायर ब्रश किंवा फ्लॅप डिस्क लावून. ग्राइंडर एका जागी धरून ठेवू नका. पत्रा तापून निळा पडला की तो वाकतो. डोळ्यांना गॉगल हवाच, वायर ब्रशच्या तारा सुटून उडतात.

दोन, ब्लास्टिंग. दाबाच्या हवेने कण मारून गंज उडवायचा. जाड भागांना, सस्पेन्शनच्या आर्मसारख्यांना, हे उत्तम. पण छत, बोनेट, दार यांसारख्या मोठ्या सपाट पत्र्यांवर जोरात मारलं तर पत्रा लाटांसारखा वाकतो आणि तो परत सरळ होता होत नाही. आणि साध्या वाळूने ब्लास्टिंग करणाऱ्यापासून लांब राहा. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गाडी जुनी आहे, कामगाराचं फुप्फुस नाही.

तीन, रसायन. फॉस्फोरिक ॲसिड असलेलं रस्ट रिमूव्हर खड्ड्यांमधल्या गंजावर काम करतं आणि त्याचं आयर्न फॉस्फेट बनवतं. पण सुटा गंज आधी खरवडून काढलेला हवा, आणि काम झाल्यावर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन वाळवायला हवं. उरलेल्या ॲसिडवर प्रायमर धरत नाही. नट-बोल्ट, बिजागऱ्या असल्या छोट्या भागांसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्वही चालतं. पाण्यात विरघळवून रात्रभर बुडवा, सकाळी घासा, धुवा, लगेच वाळवून तेल लावा.

चार, इलेक्ट्रोलिसिस. बारावीची केमिस्ट्री इथे कामाला येते. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, दर चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. साध्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. तीन पथ्यं पाळा. सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरीन वायू सुटतो. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील नको, पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगं उतरतात. आणि हे बंद खोलीत नको, कारण हायड्रोजन निघतो आणि तो पेटतो. स्प्रिंगसारखे कडक पोलादाचे भाग यात टाकू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतात.

कापणं आणि जोडणं

फुली मारलेल्या जागांना घासून काही उपयोग नाही. तिथे पत्रा उरलेलाच नसतो.

सिल कापण्याआधी गाडीला आधार द्या. मोनोकॉकमध्ये सिल काढली की बॉडी मधोमध झुकू शकते. मग दारं बसत नाहीत आणि कारण लवकर कळत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी पाइपची ताण बसवा, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू उघडा. आमच्या गाडीची डावी बाजू झाली, मगच उजवीला हात लावला.

वेल्डिंगआधी बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवा. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोक्याची. जवळ अग्निशामक आणि पाण्याची बादली ठेवा, काम संपल्यावरही अर्धा तास तिथेच थांबा. सीटचा काथ्या आणि फोम आतल्या आत धुमसत राहतो.

कापताना गंजाच्या कडेवर कापू नका. चकाकणारा, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे या. ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचं हवं. बॉडीच्या कामाला साधारण वीस गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपासचा सीआर पत्रा चालतो. सिलसारख्या भार घेणाऱ्या जागी आपल्या गाडीचा चांगला उरलेला भाग मोजा आणि तीच जाडी घ्या. स्वस्त पडतो म्हणून जीआय पत्रा घेऊ नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, तो धूर छातीत जाऊन ताप येतो आणि जोडही चांगला बसत नाही.

ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. बाहेरून दिसणाऱ्या भागात ठिगळ कडेला कड लावून बसवा, एकावर एक नको. एकावर एक ठेवलं की मध्ये फट राहते, आणि फटीत काय होतं ते आपण वर बघितलंच.

रॉडचं वेल्डिंग पातळ पत्र्याला भोकं पाडतं. मिग मशिन, ज्याला गॅरेजमध्ये सीओटू म्हणतात, बारीक तारेचं हवं. आधी लांब लांब टाके. एक इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. एका दमात लांब रेघ ओढली तर उष्णतेने पत्रा वाकतो. आमचे डेंटर काका चार टाके मारून चहाला जातात. मला वाटायचं टाइमपास करतायत. पण पत्रा थंड होऊ द्यायचा असतो.

उघडा पत्रा म्हणजे उलटी गिनती

स्वच्छ, चंदेरी पत्रा बघून फोटो काढायचा मोह होतो. काढा, पण लगेच कामाला लागा. दमट हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांत पिवळसर झाक येते. त्याला हात लावलात तर घामाने बोटांचे ठसे गंजतात. म्हणून जेवढ्या भागाला त्याच दिवशी प्रायमर मारता येईल, तेवढाच भाग उघडा करा. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

प्रायमरआधी पत्र्याला पकड हवी. ऐंशी नंबरच्या पेपरने सगळीकडे सारखं घासा. मग दोन फडकी घ्या. एकाने डिग्रीझर लावायचा, दुसऱ्या कोरड्याने तो वाळायच्या आत पुसायचा. एकच फडकं वापरलं तर घाण इकडून तिकडे फिरते, जात नाही.

आता प्रायमर. घराच्या ग्रिलला मारतो तो रेड ऑक्साइड इथे पुरेसा नाही. उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर घ्या, तो ओल चांगली अडवतो. हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलेलं तंतोतंत पाळा. पुट्टी लागणार असेल तर ती इपॉक्सीवर, आणि पातळ. पुट्टी पाणी पिते. तिचं काम ठोकून सरळ केलेल्या पत्र्याची शेवटची लहर भरायची, भोक बुजवायचं नाही.

एक इशारा. टू-के रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्याने दमा होऊ शकतो, कायमचा. कापडी मास्क किंवा कोविडवाला मास्क इथे कुचकामी आहे. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल, तर तो रंग घरी मारू नका, बूथ असलेल्या माणसाकडून मारून घ्या.

जिथे हात पोचत नाही तिथे

गंज आतून येतो, म्हणून काम आतच संपतं. सगळे जोड सीम सीलरने बंद करा. सिल, दारं, खांब यांच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारा. हे वेल्डिंग आणि रंग झाल्यावर, कारण वॅक्स पेटतं. दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी ठेवा. ही भोकं बुजवणं म्हणजे दारात टाकी बांधणं.

खालचं काळं कोटिंग वाईट नाही. स्वच्छ पत्रा, त्यावर प्रायमर, मग कोटिंग, या क्रमाने ते उपयोगी आहे. गंजावर थेट मारलं तर तीच ओल आत कोंडते.

डेंटरला विचारायचे पाच प्रश्न

तुम्ही स्वतः काहीच करणार नसाल, तरी पैसे देण्याआधी हे विचारा.

१. पत्रा कापून बसवणार की वरून लावणार?
२. सिल कापताना दाराच्या चौकटीला ताण देणार का?
३. पत्रा कुठला, किती जाडीचा?
४. उघड्या पत्र्यावर कुठला प्रायमर, आणि पुट्टी त्याच्या वर की खाली?
५. पोकळीत वॅक्स मारणार का?

आणि सांगा, की पुट्टी भरण्याआधी मला बघायला बोलवा. चांगला डेंटर यावर रागावत नाही, उलट खूश होतो. त्याची खरी कारागिरी पुट्टीखालीच असते आणि ती बघायला सहसा कुणी येत नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये पद्मिनीचे ब्रेक. तोवर घरी ताडपत्रीखाली एखादी गाडी असेल तर निदान ती ताडपत्री काढा आणि गाडीला हवा लागू द्या. पहिलं काम तेच, आणि ते फुकट आहे.